स्कूटरचा बेल्ट अकाली का तुटतो आणि तो टिकवण्यासाठी काय करावे

माझ्या ११० सीसी स्कूटरचा बेल्ट पसरणी घाटात तुटला, तेव्हा तो बदलून जेमतेम चार हजार किलोमीटर झाले होते. वाईहून पाचगणीकडे दोघे चढत होतो, पायाशी सामानाची पिशवी होती. एका वळणावर इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी मंदावली. पुढे डावीकडचे कव्हर उघडले तेव्हा पुढच्या पुलीच्या मागची भिंत तेलाने काळी झालेली दिसली. इंजिनाच्या फिरत्या दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, तेल अडवणारे रबरी सील झिरपत होते, ते तेल बेल्टवर उडत होते आणि आधीच्या बेल्टचेही तेच झाले असणार. त्या वेळी गॅरेजमध्ये तुटका बेल्ट काढून नवा बसवला गेला, पण तो का तुटला हे कोणी पाहिले नाही. मीही विचारले नाही. तेव्हापासून बेल्ट बदलताना त्याच्या शेजारचे सगळे भाग तपासल्याशिवाय मी कव्हर बंद करू देत नाही. पुढचे सारे विवेचन त्या सवयीतून आलेले आहे आणि ते ११० ते १२५ सीसीच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, गिअर नसलेल्या स्कूटरना लागू आहे. काही विद्युत स्कूटरमध्ये चाकापर्यंत दातेरी बेल्ट असतो. त्याचे काम आणि त्याची निगा वेगळी आहे.

आतमध्ये काय घडते

आपल्याकडे गिअरशिवाय चालणारी स्कूटर घरोघरी पोचू लागली ती १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडापासून. तोवर बजाज चेतकच्या डाव्या मुठीत गिअर बदलण्याची सवय असलेल्या पिढीला क्लचची केबल तुटणे ठाऊक होते, बेल्ट तुटणे नव्हते. त्यामुळे आजही अनेक घरांत स्कूटरचे तेल वेळेवर बदलले जाते, आणि बेल्ट मात्र तुटल्यावरच आठवतो.

इंजिनाच्या टोकाला पुढची पुली असते, तिला आपले मेकॅनिक व्हेरिएटर म्हणतात. तिच्या दोन तिरप्या चकत्यांपैकी एक जागेवर पक्की असते आणि दुसरी सरकते. सरकत्या चकतीच्या पाठीमागे बहुतेक स्कूटरमध्ये सहा रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, चकतीला आत ढकलतात आणि दोन चकत्यांच्या मध्ये बसलेला बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी ठरलेली असल्यामुळे मागची पुली त्याच वेळी स्प्रिंगविरुद्ध उघडते आणि तिथे बेल्ट खाली उतरतो. गिअर बदलण्याचे काम असे अखंड होत राहते. मागच्या पुलीला जोडलेले क्लच शू ठरावीक वेगाला फाकतात, बाहेरच्या वाटीसारख्या भागाला, म्हणजे बेलला, धरतात आणि तिथून शक्ती चाकाकडे जाते. म्हणजे स्कूटर सिग्नलला उभी असतानाही बेल्ट फिरत असतो, फक्त क्लच सुटलेला असतो.

बेल्टची झीज नेमकी कुठे होते हे यातून कळते. गाडी सुरू होताना पुढच्या पुलीवर बेल्ट सर्वांत लहान वर्तुळात वाकलेला असतो आणि ओढही त्याच वेळी सर्वांत जास्त असते. घाटात, ट्रिपल सीट किंवा दळणाचा डबा पायाशी असताना बेल्ट पुष्कळ वेळ याच स्थितीत राहतो. चकतीवर तो जरासा जरी घसरला तरी रबर तापते, तापलेले रबर कडक होते आणि कडक रबर आणखी घसरते. उष्णता वाढवणारी आणि घसरण वाढवणारी प्रत्येक गोष्ट शोधून दूर करणे, एवढेच बेल्टच्या निगेचे काम आहे.

कव्हर उघडण्याआधी

सर्वप्रथम गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता काढावा. बेल्ट किती किलोमीटरला तपासायचा आणि किती किलोमीटरला बदलायचा, हे त्यात आपल्या मॉडेलसाठी दिलेले असते. बदलाचा आकडा या वर्गातील स्कूटरसाठी साधारणपणे वीस ते पंचवीस हजारांच्या आसपास असतो, परंतु दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. तो आकडाही सरासरी वापरासाठी असतो. रोज कात्रजचा चढ चढणाऱ्या, दोन माणसे वाहणाऱ्या किंवा दिवसभर घरपोच सामान पोचवणाऱ्या गाडीचा बेल्ट त्याच्या बऱ्याच आधी तपासावा. याउलट जी स्कूटर वर्षाकाठी दोन हजार किलोमीटरही चालत नाही, तिच्या मालकाने किलोमीटरवर विसंबू नये, कारण रबर वयानेही कडक होते. अशा गाडीचे कव्हर वर्षातून एकदा उघडून पाहणे पुरेसे आहे. बेल्ट बदलल्याची तारीख आणि मीटरवरील आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती सीटखालच्या कागदपत्रांत ठेवावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना हा आकडा जवळजवळ कधीच मिळत नाही आणि त्यांनी बेल्ट बदललेला नाही असे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

त्यानंतर गाडी चालवून तिची वागणूक नीट पाहावी. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मूठ एकसारखी पिळली असता इंजिनाचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाल्यास बेल्ट किंवा क्लच घसरत आहे. पूर्वी सहज गाठला जाणारा वेग आता गाठताना इंजिन ओरडू लागले, तर बेल्ट अरुंद झाल्याची शंका घ्यावी. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीवर पूर्वीइतका वर चढू शकत नाही, म्हणून शेवटचा वेग घटतो. तोच बेल्ट मागच्या पुलीत थोडा खोल बसतो, म्हणून सुरुवातीचा पिकअपही मंदावतो. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताना येणारी चिरकी किंचाळी ओलाव्याची असू शकते, पण गाडी गरम झाल्यावर, कोरड्या दिवशीही ती येत असेल तर दुर्लक्ष करू नये. कव्हरच्या आतून टपटप किंवा फटफट असा लयबद्ध आवाज येणे हे फाटलेल्या बेल्टचे लक्षण असू शकते. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ढकलत न्यावी.

एक गल्लत नेहमी होते. उभ्या गाडीतून निघताना पहिल्या काही फुटांत जाणवणारी थरथर बहुतेक वेळा क्लच शू गुळगुळीत झाल्यामुळे किंवा बेलला डाग पडल्यामुळे असते. तिच्यासाठी बेल्ट बदलला तर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

कव्हर उघडून पाहणे

गाडी थंड झाल्यावर, मेन स्टँडवर, किल्ली काढून हे काम करावे. बऱ्याच मॉडेलमध्ये किक याच कव्हरमध्ये बसवलेली असते, तेव्हा आधी किकचा दांडा काढावा लागतो. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून त्या त्या जागी बोल्ट टोचून ठेवले की परत बसवताना लांब बोल्ट आखूड जागी कसला जात नाही. कव्हर आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केट आणि कव्हर अचूक जागी बसवणाऱ्या दोन छोट्या डॉवेल पिना पडणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

कव्हर निघाल्याबरोबर काहीही पुसू नये. आतील धूळ आणि डाग हाच तपासणीचा पहिला पुरावा असतो. पातळ, कोरडी काळी भुकटी ही नेहमीची झीज आहे. भुकटीचे ढीग किंवा रबराचे दोरे दिसले तर बेल्ट घसरत होता किंवा कुठेतरी घासत होता. ओलसर, चिकट काळेपणा म्हणजे तेल किंवा ग्रीस. तो पुढच्या पुलीमागे असेल तर क्रँकशाफ्टचे सील, आणि मागच्या पुलीमागे असेल तर मागील गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील संशयित ठरते. मागच्या पुलीच्या चकतीवर आतून बाहेर उडालेले ठिपके दिसले, तर बहुधा त्या पुलीच्या आतील ग्रीस बाहेर आले आहे. हे सगळे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, मग धूळ ओलसर फडक्याने टिपून घ्यावी. तोंडाने किंवा हवेच्या नळीने ती उडवू नये, कारण ती नाकात जाते आणि बेअरिंगमध्येही.

आता बेल्ट. पुढच्या पुलीचा नट सोडवताना पुली धरण्याचे खास साधन वापरावे. पुष्कळ ठिकाणी पुलीवरील पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट फिरवला जातो. ती पाती शोभेची नाहीत, तीच या बंदिस्त खोलीत थंड हवा खेळवतात. दोन-चार पाती तुटलेली पुली तशीच चालत राहिली तर पुढचा प्रत्येक बेल्ट आधीपेक्षा गरम राहणार.

बेल्टची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने त्याच्या वरच्या, सपाट बाजूवर मोजावी, आणि तीही तीन-चार ठिकाणी. या स्कूटरच्या नव्या बेल्टची रुंदी मॉडेलनुसार वीस मिलिमीटरच्या आसपास असते आणि साधारण एक-दीड मिलिमीटर झीज झाली की तो बाद समजतात. अचूक मर्यादा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावी. तो आकडा अधिकृत सेवा केंद्रात विचारल्यास सांगतात. एका जागी रुंदी स्पष्टपणे कमी असेल, तर गाडी कधीतरी जाम होऊन बेल्ट एकाच ठिकाणी घासला गेला आहे. असा बेल्ट सरासरी रुंदी मर्यादेत असूनही काढून टाकावा. त्यानंतर बेल्ट हातात हलकेच वाकवून आतील दात्यांच्या खाचांत भेगा पाहाव्यात. दात्याच्या मुळाशी गेलेली भेग, कडेने सुटलेले धागे, काचेसारखी चमकणारी कड किंवा तेलाने फुगलेले मऊ रबर यांपैकी एकही गोष्ट दिसली तर मोजमाप करण्याचीही गरज नाही. बेल्ट उलटा करून किंवा पिळून पाहू नये, कारण आतील दोऱ्यांना घडी पडली की नवा बेल्टही काही हजार किलोमीटरांत त्याच जागी तुटतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून बेल्ट चांगला आहे असे सांगणाऱ्या माणसाला मी आता कॅलिपर देतो.

पुल्या, रोलर आणि सील

पुढच्या पुलीच्या दोन्ही चकत्यांवर, आतून बाहेर, नख फिरवावे. नख कुठेही अडकले, म्हणजे बेल्टने तिथे चाकोरी पाडली आहे. चाकोरीत बेल्ट अडखळतो, झटक्याने वर सरकतो आणि कडेने कापला जातो. अशी चकती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करण्याचा सल्ला मिळतो, पण त्याने तिचा कोन बिघडतो. ती बदलणेच योग्य. गंज किंवा रबराचा थर मात्र ब्रेक क्लीनरने साफ होतो.

रोलर एकेक करून सपाट काचेवर लोळवावेत. बाहेरील प्लास्टिकचा थर एका बाजूने चपटा झाला असेल तर रोलर फिरत नाही, फरफटतो. त्यामुळे सरकती चकती योग्य वेळी पुढे येत नाही आणि बेल्टवरील दाब कमीजास्त होतो. एकच रोलर खराब असला तरी सहाचा संच बदलावा. पिकअप वाढावा म्हणून कमी वजनाचे रोलर टाकण्याची हौस पुष्कळांना असते. त्याने इंजिन सतत जास्त वेगाने फिरते आणि घाटात बेल्ट अधिक तापतो. म्हणून कंपनीने दिलेलेच वजन ठेवावे. सरकत्या चकतीला मागून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांवर छोटे स्लायडर असतात. ते खिळखिळे झाले की चकती तिरपी होते, हे सहसा पाहिलेच जात नाही. रोलरना ग्रीस लावायचे की नाही, हे मॅन्युअलच ठरवते. बहुतेक आधुनिक स्कूटरमध्ये ते कोरडेच चालतात.

मागच्या पुलीच्या बाबतीत याच्या उलट आहे. तिथे सरकत्या चकतीच्या तिरप्या खाचांत पिना फिरतात, त्यांना ग्रीस लागते आणि चकतीवरील सील व ओ रिंगा ते ग्रीस आत धरून ठेवतात. ग्रीस सुकले तर चकती अडकते, मग उताराला मूठ सोडल्यावर बेल्ट खालीच राहतो आणि पुन्हा मूठ पिळल्यावर गाडी जड वाटते. ग्रीस जास्त भरले तर तापल्यावर ते बाहेर येऊन बेल्टवर पसरते. म्हणून सांगितलेल्या प्रकारचे ग्रीस सांगितल्याइतकेच भरावे आणि पुली उघडली असेल तर सील नवी घालावीत. ही पुली उघडताना आतील स्प्रिंग मोठ्या ताकदीने दाबलेली असते. ती दाबून धरण्याचे साधन नसेल तर हे काम घरी करू नये.

सीलची बाब थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात मधला मार्ग नाही. क्रँकशाफ्टचे किंवा गिअरबॉक्सचे सील झिरपत असेल, तर ते बदलल्याशिवाय नवा बेल्ट बसवू नये. सीलची किंमत बेल्टच्या किमतीपुढे किरकोळ असते. वेळ लागतो तो पुली काढण्यात, आणि ती तर आधीच काढलेली असते.

हवा आणि पाणी

बेल्टच्या खोलीत थंड हवा येण्यासाठी एक मार्ग आणि गरम हवा जाण्यासाठी दुसरा मार्ग असतो. काही मॉडेलमध्ये येणाऱ्या हवेच्या मार्गावर स्पंजची किंवा कागदाची गाळणी असते. इंजिनाचा एअर फिल्टर सर्वांना माहीत असतो, ही गाळणी मात्र अनेक वर्षे तशीच राहते. मुरुमाच्या रस्त्यांवर आणि कोरड्या उन्हाळ्यात ती धुळीने बंद होते आणि बेल्ट भट्टीत फिरू लागतो. स्पंजची गाळणी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी, कागदाची बदलावी, आणि रबरी नळीची क्लिप घट्ट असल्याची खात्री करावी.

गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा या कव्हरच्या झरोक्यांवर मारू देऊ नये. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून जावेच लागले आणि पाणी या कव्हरच्या पातळीपर्यंत आले, तर बाहेर निघाल्यावर गाडीचा पिकअप नाहीसा होतो. त्या वेळी मूठ पूर्ण पिळणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण ओला बेल्ट घसरून मिनिटांत चमकू लागतो. थोडा वेळ थांबून, मग हलक्या मुठीने, सावकाश चालवत तो कोरडा होऊ द्यावा. काही स्कूटरच्या कव्हरला खाली पाणी काढण्याची बुचे असतात, ती उघडून पाहावी. गाडी बराच वेळ पाण्यात उभी राहिली असेल तर कव्हर उघडून आतील गाळ पुसल्याशिवाय ती चालवू नये. चिकट फवारे मारून बेल्टची घसरण थांबवण्याचा प्रयोग तर अजिबात करू नये.

नवा बेल्ट बसवणे

बेल्ट आपल्या मॉडेलच्या भाग क्रमांकावरूनच घ्यावा. एकाच कंपनीच्या दोन स्कूटरचे बेल्ट समोरासमोर धरले तर सारखे दिसतात, पण लांबीत काही मिलिमीटरांचा फरक असला तरी पुली तिच्या पूर्ण टप्प्यात काम करत नाही. वेष्टनावरील क्रमांक बेल्टवर छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. सीटखाली जास्तीचा बेल्ट महिनोन्‌महिने बाळगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की ती जागा इंजिनाच्या वर असते आणि तिथे उष्णता पोचते. सुटा बेल्ट घरच्या कपाटात पिशवीत ठेवणे बरे.

चकत्या ब्रेक क्लीनरने पुसून कोरड्या कराव्यात. बेल्ट मात्र पेट्रोलने किंवा कोणत्याही द्रावणाने धुऊ नये. हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच बेल्टला हात लावावा. त्यावर बाण असेल तर तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेला ठेवावा, बाण नसेल तर अक्षरे बाहेरून सरळ वाचता येतील असा बेल्ट बसवावा. आधी मागच्या पुलीच्या चकत्या फाकवून बेल्ट तिच्यात खोलवर दाबावा, म्हणजे पुढे सैलपणा मिळतो. तो सैलपणा टिकवून धरत पुढच्या पुलीच्या मधल्या नळीवर, म्हणजे बोसवर, बेल्ट सोडावा आणि मग बाहेरची चकती दांड्यावरील खाचांवर, म्हणजे आट्यांवर, नीट बसवावी.

येथे होणारी चूक नव्या बेल्टचा जीव घेते. मागच्या पुलीत बेल्ट वर चढून पुढे ताणला गेला असेल, तर तो दोन चकत्यांच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात मात्र चकती बोसवर टेकलेलीच नसते. गाडी सुरू झाल्यावर बेल्ट सुटतो, नट सैल पडतो आणि चकतीच्या आट्या झिजतात. म्हणून नट हाताने जाईल तेवढा बसवावा, चकती आणि बोस यांच्यामध्ये फट नाही हे पाहावे, पुढे बेल्ट सैल लोंबकळतो आहे याची खात्री करावी आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधील आकड्याइतका नट कसावा. इम्पॅक्ट गनने कसलेला नट किती कसला गेला आहे हे गन चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. नंतर पुली हाताने सावकाश फिरवत राहावी. बेल्ट मागच्या पुलीत हळूहळू वर येईल आणि सैलपणा जाईल. ही क्रिया पूर्ण झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर झटक्याने निघणे, पूर्ण मूठ आणि घाट टाळावा, म्हणजे बेल्टच्या कडा चकत्यांना बसतात. त्यापुढेही चढावर सिग्नलला थांबताना मूठ पिळून गाडी तोलण्याऐवजी ब्रेक लावावा. मुठीवर तोललेल्या गाडीत क्लच शू बेलवर घासत राहतात आणि ती उष्णता त्याच बंद खोलीत बेल्टला लागते. मेन स्टँडवर गाडी उभी करून, मागचा ब्रेक दाबून इंजिन रेस करण्याची खोडही याच कारणाने सोडावी.

वाटेत बेल्ट तुटलाच, तर मूठ सोडून, इंडिकेटर लावून गाडी डावीकडे घ्यावी. क्वचित तुटक्या बेल्टचे धागे क्लचभोवती गुंडाळले जाऊन मागचे चाक अडकू शकते, म्हणून उतारावर ती न्यूट्रलसारखी सोडून नेण्याआधी चाक मोकळे फिरते का ते पाहावे. इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नये, कारण फिरणारे तुकडे सील आणि पंख्याची पाती फाडतात. गॅरेजला पोचल्यावर बोसभोवती आणि क्रँकशाफ्टच्या सीलजवळ अडकलेला प्रत्येक धागा चिमट्याने काढून घ्यावा, आणि नवा बेल्ट पुडीतून बाहेर काढण्याआधी पुढच्या पुलीमागची भिंत कोरडी आहे की ओली, हे बोटाने पाहावे.